सिंगल-सेल आरएनए सिक्वेन्सिंग म्हणजे काय? पेशींचे प्रकार कसे ओळखतात? | संपूर्ण माहिती मराठीत



समजा, रस्त्यात तुम्हाला एक फोन सापडला. त्यात मालकाचं नाव नाही, फोटो नाही. तुम्हाला फक्त सेटिंग्जमधला 'स्क्रीन टाइम' बघता येतोय. मॅप ७ तास, रिक्षा-बुकिंगचं ॲप ६ तास, पेमेंट ॲप १ तास. फोन कोणाचा? कोणीही सांगेल, रिक्षावाल्या काकांचा. आता दुसरा फोन घ्या. यूट्यूब ४ तास, व्हॉट्सॲप ३ तास, पंचांगाचं ॲप १० मिनिटं, बाकी जवळजवळ शून्य. हा बहुतेक कोणाच्या तरी आजीचा. दोन्ही फोनचं मॉडेल एकच असेल, ॲप्सही तीच असतील. तरी कोणतं ॲप किती चालतं यावरून माणूस ओळखता आला.

शरीरातल्या पेशींचे प्रकार ओळखायची आजची सगळ्यात चर्चेतली पद्धत साधारण अशीच आहे. इथे ॲपच्या जागी जनुकं असतात आणि आपण बघतो जनुकांचा स्क्रीन टाइम.

मी काही बायोलॉजीवाला नाही, कॉम्प्युटरचा विद्यार्थी आहे. पण हा डेटा इंटरनेटवर फुकट मिळतो म्हणून मी तो स्वतः उघडून बसलो, आणि त्यात एक मोठी चूकही केली. या लेखात आपण ही पद्धत पायरी-पायरीने बघू. माझी चूकही सांगतो, कारण तिच्यातूनच मला मुख्य गोष्ट कळली.

डीएनए सारखा, मग पेशी वेगळ्या कशा?

माणसाच्या शरीरात अंदाजे ३७ लाख कोटी पेशी असतात. त्यातल्या बहुतेकांत डीएनए सारखाच असतो आणि त्यात प्रोटीन बनवणारी साधारण २०,००० जनुकं असतात. (अपवाद आहेत. तांबड्या रक्तपेशी मोठ्या होताना आपलं केंद्रकच टाकून देतात. बी आणि टी या रोगप्रतिकारक पेशी आपल्या डीएनएचा थोडा भाग कापून-जोडून बदलतात.)

म्हणजे इन्सुलिनचं जनुक तुमच्या त्वचेच्या पेशीतही आहे. पण ते जोरात चालतं स्वादुपिंडातल्या बीटा पेशींत. त्वचेत ते न उघडलेल्या ॲपसारखं पडून असतं.

जनुक चालू झालं की पेशी त्याच्या नकला काढते. त्या नकलांना मेसेंजर आरएनए म्हणतात, आणि त्या वाचून प्रोटीन बनतं. त्यामुळे एखाद्या पेशीत कोणत्या जनुकाच्या किती नकला आहेत हे मोजलं, की ती पेशी त्या क्षणी काय काम करतेय याचा अंदाज येतो.

१९९९ मधला एक पेशंट

'पेशीचं नाव बरोबर असलं काय, चुकलं काय, काय फरक पडतो?' असं वाटत असेल तर हा किस्सा वाचा.

रक्ताच्या कर्करोगाचे, म्हणजे ल्युकेमियाचे, दोन जलद वाढणारे प्रकार आहेत: एएलएल आणि एएमएल. मायक्रोस्कोपखाली दोन्ही बऱ्यापैकी सारखे दिसू शकतात, पण दोन्हींची औषधं वेगळी. १९९९ मध्ये टॉड गोलुब, एरिक लँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध छापला. त्यांनी ३८ पेशंटांच्या बोन मॅरोच्या नमुन्यांत ६,८१७ जनुकं किती चालू आहेत हे मोजलं. त्यातली ५० जनुकं निवडून असा प्रोग्राम बनवला, की नमुना द्यायचा आणि त्याने सांगायचं, हा एएलएल की एएमएल. मग ३४ नवे नमुने दिले. त्यातल्या २९ नमुन्यांवर प्रोग्रामने ठाम उत्तर दिलं आणि ती २९ च्या २९ उत्तरं बरोबर निघाली. उरलेल्या ५ वर त्याने ठाम उत्तर दिलंच नाही.

खरी गंमत पुढे आहे. एका पेशंटचं निदान एएमएल असं झालं होतं, पण त्याच्या पेशी जरा वेगळ्या दिसत होत्या. त्याचा नमुना प्रोग्रामला दिला, तर दोन्ही बाजूंना अगदी कमी मतं पडली. हा एएलएलही वाटत नाही आणि एएमएलही नाही. मग त्या नमुन्यात कोणती जनुकं जास्त चालू आहेत ते शोधलं, तर ती निघाली स्नायूंची जनुकं! बोन मॅरोमध्ये स्नायूंची जनुकं कशी? गुणसूत्रांची वेगळी तपासणी केली आणि उत्तर मिळालं. तो ल्युकेमिया नव्हताच, स्नायूसारख्या पेशींचा एक कर्करोग होता. पेशंटचं निदान बदललं आणि उपचारही बदलले.

प्रोग्रामने ओढूनताणून 'एएमएल' म्हटलं असतं तर त्या माणसाला चुकीच्याच आजाराची औषधं चालू राहिली असती. हा भाग लक्षात ठेवा, शेवटी परत येऊ.

मग सिंगल-सेलची गरज का पडली?

गोलुब यांच्या पद्धतीत लाखो पेशी एकत्र दळून एक सरासरी आकडा मिळायचा. हे म्हणजे अख्ख्या सोसायटीचं एकच वीजबिल येण्यासारखं. ४० फ्लॅटमध्ये मिळून किती युनिट जळली ते कळेल, पण तिसऱ्या मजल्यावर एक जण गुपचूप दिवसभर एसी लावून बसतो हे कळणार नाही. बोन मॅरो कर्करोगाच्या पेशींनी भरलेला असेल तेव्हा सरासरी चालून जाते. पण १०० पेशींत एखादीच वेगळी असेल तर ती सरासरीत गडप होते.

प्रत्येक फ्लॅटला स्वतंत्र मीटर लावायचा, म्हणजेच एकेक पेशी वेगळी मोजायची. एका पेशीतला सगळा मेसेंजर आरएनए वाचायचा पहिला प्रयोग २००९ मध्ये उंदराच्या पेशीवर छापून आला. २०१५ मध्ये हार्वर्डमधल्या दोन टीमनी थेंबांची पद्धत आणली आणि एका झटक्यात हजारो पेशी मोजता यायला लागल्या.

ही पद्धत कशी चालते?

पायरी १: पेशी सुट्या करणे. रक्तातल्या पेशी आधीच सुट्या असतात. फुफ्फुस किंवा यकृताचा तुकडा असेल तर एन्झाइम घालून पेशी एकमेकींपासून सोडवाव्या लागतात.

पायरी २: थेंबात टाकणे. केसासारख्या बारीक नळ्यांतून पेशींचं पाणी आणि तेल एकत्र सोडतात. तेलात पाण्याचे सारख्या आकाराचे थेंब बनतात. एका थेंबात एक पेशी आणि एक छोटा मणी यावा अशी अपेक्षा असते. दोन पेशी एकाच थेंबात येऊ नयेत म्हणून पेशी मुद्दाम विरळ सोडतात, त्यामुळे बहुतेक थेंबांत पेशी नसतेच.

पायरी ३: बारकोड लावणे. थेंबात पेशी फुटते आणि तिचा आरएनए मण्याला चिकटतो. मण्यावर डीएनएच्या अक्षरांचा एक बारकोड असतो. एका मण्यावर सगळीकडे एकच बारकोड, दुसऱ्या मण्यावर दुसरा. शिवाय प्रत्येक रेणूला स्वतःचा वेगळा टोकन नंबर मिळतो. पुढे मशिनमध्ये वाचण्यासाठी याच्या भरपूर कॉप्या काढाव्या लागतात. तेव्हा एकच रेणू चुकून दहा वेळा मोजला जाऊ नये, यासाठी हा नंबर.

पायरी ४: एकत्र वाचणे. आता सगळे थेंब फोडून माल एकत्र केला तरी चालतो. सिक्वेन्सिंग मशिन सगळं वाचतं आणि बारकोडवरून कॉम्प्युटर ठरवतो की कोणता आरएनए कोणत्या पेशीचा.

हातात येतो एक मोठा तक्ता. एका बाजूला पेशी, दुसऱ्या बाजूला जनुकं, आणि प्रत्येक खान्यात नकलांची संख्या.

तक्त्यातून गट कसे पडतात?

शिकणारे बहुतेक जण ज्या डेटापासून सुरुवात करतात तो एका निरोगी माणसाच्या रक्ताचा आहे. त्यात २,७०० पेशी आणि ३२,७३८ जनुकं. म्हणजे जवळपास ८ कोटी ८४ लाख खाने! मी पहिल्यांदा उघडला तेव्हा वाटलं फाइल खराब आहे, कारण ९७ टक्क्यांहून जास्त खाने शून्य आहेत. पण ते तसंच असतं. एक तर बरीच जनुकं खरोखर बंद असतात, आणि दुसरं म्हणजे पेशीतला बराचसा आरएनए पकडलाच जात नाही. त्यामुळे शून्य दिसलं म्हणजे जनुक नक्की बंद आहे असं म्हणता येत नाही.

पुढचं काम कॉम्प्युटरचं:

- खराब पेशी काढून टाकायच्या. मरायला टेकलेल्या पेशीत मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकांचं प्रमाण वाढलेलं दिसतं, त्यावरून त्या कळतात.
- प्रत्येक पेशीची एकूण बेरीज सारखी करून घ्यायची, म्हणजे तुलना न्याय्य होते.
- सगळ्या पेशींत सारखीच चालणारी जनुकं बाजूला ठेवायची. पेशी-पेशींत ज्यांचा फरक जास्त आहे अशी साधारण २,००० निवडायची.
- कोणती पेशी कोणाच्या जवळची आहे याचं जाळं विणायचं आणि घट्ट विणलेले गट वेगळे करायचे. या गटांना क्लस्टर म्हणतात.

शॉपिंग ॲप 'तुमच्यासारख्या ग्राहकांनी हेही घेतलं' असं सांगतं ना, त्याच जातीचं गणित आहे हे. शेवटी रंगीबेरंगी ठिपक्यांचा नकाशा येतो, त्याला यूमॅप म्हणतात. एक ठिपका म्हणजे एक पेशी. पण नकाशावर दोन गट किती लांब आहेत यावरून फार अर्थ काढू नका. हजारो जनुकांची माहिती सपाट कागदावर दाबून बसवलेली असते, त्यात अंतरं वेडीवाकडी होतात.

आणखी एक गोष्ट मला इथेच कळली. गट किती पडणार हे 'रिझोल्यूशन' नावाच्या एका आकड्यावर ठरतं. तो वाढवला की गट वाढतात, कमी केला की कमी होतात. त्यामुळे 'रक्तात पेशींचे प्रकार किती?' या प्रश्नाचं एकच पक्कं उत्तर कॉम्प्युटर देत नाही.

गटाला नाव कसं देतात?

कॉम्प्युटर फक्त गट नंबर ०, गट नंबर १ असं सांगतो. नाव द्यायला मार्कर जनुकं बघावी लागतात. रक्तातल्या पेशींचे काही नेहमीचे मार्कर असे:

- टी पेशी: सीडी३डी
- बी पेशी: एमएस४ए१
- एनके पेशी: जीएनएलवाय, एनकेजी७
- मोनोसाइट: सीडी१४, एलवायझेड
- डेंड्रिटिक पेशी: एफसीईआर१ए
- प्लेटलेट: पीपीबीपी

एका मार्करवर विसंबून चालत नाही. एनकेजी७ हे एनके पेशींत असतं, तसं मारेकरी टी पेशींतही असतं. नुसतं पेमेंट ॲप दिसलं म्हणून फोन रिक्षावाल्या काकांचाच म्हणता येत नाही, भाजीवाल्या मावशींचाही असू शकतो. सगळी यादी एकत्र बघावी लागते.

माझी चूक

छोटा डेटा जमला म्हणून मी जोशात येऊन १०,००० च्या आसपास पेशींचा मोठा डेटा घेतला, तोही रक्ताचाच. सगळे गट नीट ओळखू आले. एक छोटा गट मात्र विचित्र होता. त्यात टी पेशींचं सीडी३डी पण होतं आणि बी पेशींचं एमएस४ए१ पण. मी नेटवर शोधलं, अशी नेहमीची पेशी काही सापडेना. झालं! मी कॉलेजच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला, 'बहुतेक नवीन पेशी सापडलीय.' पंधरा-वीस जणांनी टाळ्यांचे इमोजी पाठवले.

माझी मावसबहीण मायक्रोबायोलॉजी शिकलीय. तिला दाखवलं तर ती म्हणाली, "अरे, तुझ्या त्या नव्या पेशीत एकूण जनुकं किती चालू दिसतात ते बघ आधी."

"बघितलं ताई. इतरांपेक्षा बरीच जास्त आहेत. जवळजवळ दुप्पट."

"मग? एका थेंबात दोन पेशी गेल्या असतील. एक टी आणि एक बी."

याला डबलेट म्हणतात. दोन्ही पेशींना एकच बारकोड मिळतो आणि कॉम्प्युटरला ती एकच पेशी वाटते. एकाच फोनवर काका आणि आजी दोघांचा स्क्रीन टाइम चढलेला असावा, तसं. या पद्धतीत हजार पेशींमागे डबलेटचं प्रमाण साधारण ०.८ टक्क्यांनी वाढतं असा अंदाज धरतात. म्हणजे १०,००० पेशींत सुमारे ८ टक्के! डबलेट शोधून काढायचे प्रोग्राम असतात. मला वेळ वाचवायचा होता म्हणून ती पायरी मी गाळली होती.

ग्रुपवर 'चुकलो' असं लिहायला मला दोन दिवस लागले. त्यावर तीनच जणांनी रिप्लाय दिला.

खरी नवीन पेशी कशी सापडते?

सिस्टिक फायब्रोसिस नावाचा आनुवंशिक आजार आहे. त्यात फुफ्फुसात घट्ट, चिकट कफ साचत राहतो. सीएफटीआर हे जनुक बिघडल्यामुळे तो होतो हे १९८९ मध्येच सापडलं होतं. पण श्वासनलिकेत हे जनुक नेमकं कोणत्या पेशींत चालतं, याचं चित्र जवळपास तीस वर्षं वेगळंच होतं. केसाळ पेशींत ते चालतं असा समज होता.

२०१८ मध्ये दोन वेगवेगळ्या टीमनी श्वासनलिकेच्या पेशी एकेक करून मोजल्या आणि 'नेचर'मध्ये एकाच वेळी निकाल छापले. दोघांनाही एक दुर्मिळ गट दिसला. १०० पेशींत जेमतेम एक, पण उंदराच्या श्वासनलिकेत सीएफटीआरच्या निम्म्याहून जास्त नकला याच पेशींत! माशांच्या कल्ल्यांत आणि बेडकाच्या त्वचेत क्षारांचं प्रमाण सांभाळणाऱ्या अशाच पेशी आधीपासून माहीत होत्या. त्यांच्यावरून या पेशींना आयनोसाइट म्हणायला लागले.

माझ्या 'शोधात' आणि यात फरक काय? दोन टीमना तीच पेशी स्वतंत्रपणे मिळाली. फॉक्सआय१ नावाचं जनुक या पेशी घडवायचं काम करतं हे त्यांनी तपासलं, आणि त्या पेशी प्रत्यक्ष मायक्रोस्कोपखाली रंगवून दाखवल्या. माझ्याकडे फक्त स्क्रीनशॉट होता.

गोष्ट इथेही संपली नाही. नंतर माणसाच्या श्वासनलिकेवर झालेल्या अभ्यासात दिसलं, की एका आयनोसाइटमध्ये सीएफटीआर भरपूर असलं तरी सेक्रेटरी पेशींची संख्या इतकी जास्त आहे की एकूण हिशेबात त्यांचा वाटा मोठा ठरतो. बिघडलेलं जनुक दुरुस्त करायचं तर औषध कोणत्या पेशीपर्यंत पोहोचवायचं, हा प्रश्न यावरच अवलंबून आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रक्ताच्या साध्या तपासणीत हेच करतात का?
नाही. सीबीसीमध्ये मशिन पेशींचा आकार वगैरे बघून त्या मोजतं. सिंगल-सेल पद्धत अजून मुख्यतः संशोधनात वापरतात. पण जनुकांची सरासरी हालचाल मोजणाऱ्या काही चाचण्या दवाखान्यात पोहोचल्या आहेत. उदाहरणार्थ, स्तनाच्या कर्करोगाच्या काही पेशंटांना केमोथेरपीचा फायदा होईल का, हे ठरवायला २१ जनुकांची चाचणी मदत करते.

पेशीचा प्रकार बदलू शकतो का?
हो. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये फक्त चार जनुकं चालू करून उंदराच्या त्वचेसारख्या साध्या पेशींना मूळपेशींसारखं बनवलं. २०१२ चं नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत मिळालं.

नाव देण्याचं काम एआय करू शकतं का?
करतं, आणि झटपट करतं. पण ते आधी माणसांनी नावं दिलेल्या पेशींवरूनच शिकतं. तिथे चूक असेल तर ती पुढे हजारो पेशींवर छापली जाते. ज्या लोकांच्या पेशी मोजल्याच नाहीत, त्यांच्या बाबतीत ते अडखळू शकतं. म्हणून २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'ह्युमन सेल ॲटलस' या जागतिक प्रकल्पात वेगवेगळ्या देशांतले लोक घेण्यावर भर आहे. याच्याशीच जोडलेल्या एका आशियाई प्रकल्पाने भारतासह पाच देशांतल्या ६१९ निरोगी लोकांच्या रक्तातल्या १२ लाखांहून जास्त पेशी मोजल्या आहेत.

मला करून बघता येईल का?
नक्की. पायथॉन येत असेल तर 'स्कॅनपाय' नावाची मोफत लायब्ररी आहे. 'गूगल कोलॅब'वर ती चालते, त्यामुळे भारी लॅपटॉप लागत नाही. २,७०० पेशींच्या डेटापासूनच सुरुवात करा. कोड लिहायचा नसेल तर 'सेल बाय जीन' ही वेबसाइट ब्राउझरमध्ये उघडा, जनुकाचं नाव टाका आणि ते कुठे चालतं ते बघा. मोठ्या स्क्रीनवर जास्त बरं दिसतं.

थोडक्यात

जनुकांच्या हालचालीवरून पेशींचे गट पाडणं आता सोपं झालंय, माझ्यासारखा विद्यार्थीही ते करू शकतो. त्या गटाला नाव देणं अजूनही अवघड आहे, कारण त्या नावावरून पुढे औषध ठरू शकतं. १९९९ मधल्या त्या पेशंटचं निदान सुधारलं ते प्रोग्रामने 'हा यातला कोणताच वाटत नाही' असं दाखवल्यामुळे, आणि त्यानंतर माणसांनी दुसऱ्या पद्धतीने खात्री केल्यामुळे. तुम्ही हा डेटा उघडलात आणि एखादा गट ओळखू आला नाही, तर त्याला सरळ 'अज्ञात' असं नाव द्या. आणि हो, आधी डबलेट काढा.

भेटूया पुढच्या लेखात!